आबांनी गाळलेला शब्द

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला कॉलेजच्या वसतिगृहात होते, म्हणून वाचले. माझे वडील, म्हणजे आबा, वाचले, कारण ते प्रार्थनासभेसाठी दुसऱ्या गावी मुक्कामाला होते. आई घरी होती. किल्लारीजवळच्या आमच्या गावातली घरं दगडमातीची, भिंती दोन हात रुंद. मी तिसऱ्या दिवशी पोचले तोवर आईला पुरून झालं होतं.

आबा तिथल्या लहानशा चर्चचे पास्टर. चर्च पडलं होतं, म्हणून पहिली सभा पत्र्याच्या शेडमध्ये झाली. मी मागं बसले होते. आबांनी बायबलमधल्या तिसऱ्या शुभवर्तमानातला बुरुजाचा उतारा वाचायला घेतला. एक बुरूज कोसळून अठरा माणसं मरतात. ती माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती का, असं येशू विचारतो, आणि पुढं पश्चात्ताप करा असा इशारा देतो. आबा सगळा वेळ त्या इशाऱ्यावरच बोलले. शेवटी म्हणाले, "भूकंपाच्या रात्री आपल्यातलं कोण कोण गणपतीच्या मिरवणुकीला गेलं होतं, ते देवाला ठाऊक हाय. त्यांनी पश्चात्ताप करावा."

नाव घेतलं नाही. पण माना एकाच बाईकडं वळल्या. ती आमच्या शेजारची. दोन लेकरांना घेऊन मिरवणूक बघायला गेली होती. घरी येऊन सगळी निजली आणि पहाटे दोन्ही लेकरं भिंतीखाली गेली. ती सभेतून उठली, पदर डोक्यावर घेतला आणि शेडच्या बाहेर निघून गेली. पुन्हा सभेला आली नाही. मी तिच्यामागं गेले नाही. आबांनाही काही विचारलं नाही.

पुढं मी लातूरला कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. चौकाचौकात पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लागायचे, आणि फोटोत न आलेल्यांचे आईबाप माझ्यासमोर येऊन बसायचे. मी त्यांना सांगायचे, "मेहनत कमी पडली." ते मान हलवायचे. मुरुडचा एक बाप एकदा म्हणाला, "मॅडम, पोरगं रातच्याला झोपत बी नव्हतं." तरी पुढच्या बापाला मी तेच सांगितलं.

आबा निवृत्त होऊन माझ्याकडं राहायला आले. आईचं नाव ते काढायचे नाहीत. काचबिंदूनं त्यांची नजर गेली, तसं वाचन बंद पडलं आणि ते दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसू लागले. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं माझ्या लॅपटॉपवर बायबलच्या अभ्यासाचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. शब्दावर क्लिक केलं की मूळ ग्रीक शब्द उघडायचा, आणि बाजूला चार-पाच भाष्यकारांच्या टिपा. सगळं इंग्रजीत. मी वाचून आबांना मराठीत सांगायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी बुरुजाचा उतारा मागितला.

मी 'पश्चात्ताप' शब्द उघडला. "आबा, मूळ शब्दाचा अर्थ मन पालटणं असा दिलाय. त्यात ताप न्हाई."

"आपल्या शब्दात हाय," आबा म्हणाले. "मागाहून भाजत राहणं. पुढं वाच."

एका भाष्यकारानं लिहिलं होतं, की संकटावरून माणसाचं पाप मोजू नये. मी ते सावकाश, दोनदा सांगितलं. दुसरा म्हणत होता, की प्रत्येक संकट हा देवाचा इशारा असतो आणि पाप्यानं भ्यावं. तो मी सोडला. तिसराही तसाच होता, तोही सोडला. असं तीन-चार दिवस चाललं.

चौथ्या की पाचव्या दिवशी आबा म्हणाले, "तू गाळतीस."

"न्हाई, आबा."

"चाळीस वर्षं लोकांपुढं वाचलंय मी. वाचणारा कुठं गाळतो ते मला कळतं. सगळं वाच."

मग मी सगळं वाचलं, कडक भाष्यंसुद्धा. त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. आबा वैतागले. "यांचंच एकमत न्हाई, तर मी कुणाचं ऐकू? राहू दे यांना. नुसता उतारा वाच. आपल्या मराठीत."

मी आबांचं मराठी बायबल काढून वाचला. ती माणसं जास्त पापी होती का, असं विचारल्यावर येशू आधी 'नाही' म्हणतो. मग इशारा देतो. तिथं आबांनी मला थांबवलं.

"परत वाच."

मी परत वाचला.

"हे 'नाही' मी शेडमध्ये वाचलं न्हाई," ते म्हणाले. "नजर चुकली नव्हती माझी. मला दिसलं होतं. सोडलं मी ते."

मी बायबल मिटलं. ते म्हणाले, "ती शेजारीण जिवंत हाय का, बघ."

ती होती. पुनर्वसनातल्या गावात, सिमेंटच्या एकसारख्या घरांच्या ओळीत राहत होती. मी आबांना जीपनं घेऊन गेले. तिनं आम्हाला ओळखलं, ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. केस पांढरे झाले होते. नवरा वारला होता, पुन्हा मूलबाळ झालं नव्हतं.

आबा म्हणाले, "बाई, मी सभेत बोललो ते चूक होतं. शास्त्रात तसं न्हाई. तुमचा काही गुन्हा नव्हता."

तिनं आमच्यापुढचा तांब्या उचलला. "आता सांगताय व्हय, पास्टरसाहेब? माझा नवरा मरेस्तवर मला तेच म्हणत होता. तू नेलंस, तू मारलंस. तुमचंच नाव घेऊन म्हणायचा."

ती आबांच्या जवळ आली.

"तुमची बायको बी होती माझ्यासंग मिरवणुकीला," ती म्हणाली. "तिनंच मला बोलावलं होतं. ठाऊक होतं का तुम्हाला?"

"व्हय. सभेच्या आदल्या दिवशी मला एकानं सांगितलं होतं."

मला हे ठाऊक नव्हतं. त्या दिवशी शेडमध्ये आबा कुणावर चिडले होते, ते मला तेव्हा समजलं. आई जमिनीखाली होती, म्हणून सगळं त्या बाईच्या अंगावर आलं होतं.

तिनं तांब्या आत ठेवला आणि दारात उभी राहून म्हणाली, "सभेत बोलला होतात. सभेत सांगा. इथं ओट्यावर कोण ऐकतंय?"

पुढच्या रविवारी आम्ही परत गेलो. नवं चर्च, नवे पास्टर. त्यांनी आबांना पाच मिनिटं दिली. वीसेक माणसं असतील. शेडमधल्या सभेतले जेमतेम तिघे-चौघे उरले होते, बाकी तरुण मंडळी. ती शेवटच्या रांगेत दाराजवळ बसली होती. आबांनी मला उतारा वाचायला सांगितला. मग त्यांनी काय गाळलं ते सांगितलं. कुणाबद्दल बोलले होते ते सांगितलं, आणि आपली बायकोही त्या मिरवणुकीत होती, ते लपवलं होतं, हेही सांगितलं. तरुण पोरं एकमेकांकडं बघत होती. एक म्हातारा रडायला लागला. प्रार्थना सुरू व्हायच्या आधीच ती उठून गेली.

परतीच्या जीपमध्ये आबांनी विचारलं, "आली होती का?"

"आली होती. प्रार्थनेआधी गेली."

"बरं."

औसा गाव मागं पडलं. मग आबा म्हणाले, "तुझ्या आईला लेझीम लई आवडायचं. लग्नाच्या आधी शाळेत खेळायची. मीच बंद केलं." आई गेल्यापासून पहिल्यांदाच ते माझ्याशी तिच्याबद्दल बोलत होते. लातूर येईपर्यंत बोलत राहिले.