हिरव्या शर्टातला हिरो
सोल्डरिंगचा धूर नाकात गेला की मला नाशिकरोडचं ते बंद पडलेलं व्हिडिओ गेम पार्लर आठवतं. मालक वारले होते आणि त्यांच्या लाडक्या मशीनची पिक्चर ट्यूबही गेली होती. तशी ट्यूब आता मिळत नाही, म्हणून जुन्याच बोर्डाला एचडीएमआय जोडून गेम नव्या टीव्हीवर आणायला त्यांच्या पत्नीने मला बोलावलं होतं. वर्षश्राद्धाला पोरं येतील तेव्हा मशीन चालू दिसावं, एवढंच काकूंचं म्हणणं. मशीनच्या लाकडी अंगावर मालकांनी स्वतः ऑइलपेंटने गेममधला हिरो रंगवला होता, हिरव्या शर्टातला. दुपारी टीव्हीवर चित्र आलं, अगदी लख्ख. मी खुशीत वळलो, तर काकूंचा चेहरा उतरलेला. "दादा, हा आमचा नाही. आमच्याचा शर्ट हिरवा आहे." पडद्यावरचा शर्ट पिवळाधमक होता. मग माझ्या लक्षात आलं, त्या ट्यूबमधला लाल रंग फार पूर्वीच गेला असणार, आणि पडद्यावर लाल-हिरवा मिळून पिवळा होतो, त्यातला लाल गेला की पिवळं हिरवं दिसतं. मालकांनी रोज जे पाहिलं, तेच रंगवलं होतं. खरा रंग पिवळाच, हे ओठांवर आलेलं मी गिळलं आणि बोर्डातून टीव्हीकडे लाल रंग नेणारी वायर काढली. शर्ट हिरवा झाला. काकूंनी आधी पडद्यावरून, मग रंगवलेल्या शर्टावरून बोट फिरवलं. "हां, आता ह्यांचं मशीन वाटतंय." आजही तो गेम दुरुस्तीला आला की मी रंग अचूक जुळवून देतो, फक्त झाकण लावण्याआधी लाल वायर एकदा काढतो, आणि हिरोला क्षणभर हिरव्या शर्टात बघून घेतो.