तांदळातले वेगळे दाणे

आमच्या दापोडीच्या गल्लीतले एक काका चिंचवडच्या कंपनीत तपासणी खात्यात होते. ते निवृत्त झाले, पण तपासणी काही सुटली नाही. भाजीवाल्याची भेंडीसुद्धा ते चष्मा वर करून उजेडात धरत. नातीच्या अंगणवाडीतून आलेल्या तांदळात त्यांना काही दाणे वेगळे दिसले आणि त्यांनी गल्लीभर जाहीर केलं, "प्लास्टिक आहे राव! वेचून फेका." बायका लगेच सुपं घेऊन बसल्या.

अंगणवाडीच्या ताई धावत आल्या. "अहो काका, ते तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. त्यात लोह आणि जीवनसत्त्वं घातलीत. पोरांच्या अंगात आधीच रक्त कमी, आणि तुम्ही नेमकं तेच फेकायला लावताय!"

काका घरात गेले. मला वाटलं, आता चार दिवस दिसत नाहीत. पण दुसऱ्याच दिवशी ते सगळ्या आयांना अंगणवाडीत घेऊन गेले. "माझं चुकलं," त्यांनी सरळ सांगून टाकलं. मग नातीला मांडीवर घेऊन तिच्याबरोबर त्याच तांदळाची ताटलीभर खिचडी खाल्ली. बायका त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटचा घास गिळून काका ताईंना म्हणाले, "तांदूळ उत्तम आहे. मीठ मात्र कमी पडलंय."