चाळीस मशीनची नवमी

आमगावच्या एका कॉलेजात सुलोचनाबाई चौदा वर्षांपासून संगणकखोली सांभाळतात. खंडेनवमीला त्यांनी चाळीसच्या चाळीस संगणकांना हळदकुंकू लावलं, झेंडूचं एकेक फूल ठेवलं आणि सगळे बंद केले. बंद करू नये, अशी चिठ्ठी भिंतीवर होती. पण त्या दिवशी विळासुद्धा धानाला लागत नाही, तिथे चिठ्ठीचं काय!

दुपारी कॉलेजात धानावर संशोधन करणाऱ्या रुचिका मॅडम प्रसादाला आल्या आणि दारातच थबकल्या. खोलीतली घरघर थांबली होती.

"मावशी, मशीन काऊन बंद?"

"नवमी आहे न, मॅडम. विळ्याले सुट्टी, मशीनले नाही का?"

"अहो, धानाचं गणित चालू होतं!"

हे गणित सुलोचनाबाईंना माहीत होतं. कमी पाण्यात तगणारं धान शोधायचं होतं. त्यासाठी ओडिशापासून आसामपर्यंतच्या संशोधकांनी आपापल्या वाणांची माहिती एकत्र ठेवली होती, आणि तिचं गणित गेला महिनाभर गावोगावचे संगणक मिळून करत होते. सुलोचनाबाईंच्या बांधीतलं, म्हणजे भातशेतातलं, जुनं धानही त्यात होतं. मूठभर दाणे त्यांनीच दिले होते.

"महिन्याचं काम बुडालं का जी?"

मॅडमनी लॅपटॉप उघडला.  मग पडदा सुलोचनाबाईंकडे वळवला. सकाळी दहाला इथले गणिताचे चाळीस तुकडे अर्धवट सुटले होते. अकराच्या आत ते सगळे उचलले गेले होते. काही कटकला, काही गुवाहाटीला.

"कोणी सांगतलं त्यायले?"

"कोणीच नाही. काम लाखो तुकड्यांत वाटलेलं असतं. एक मशीन गळाली की तिचा तुकडा रांगेत परत येतो. जी रिकामी असेल ती उचलते. वाया गेली ती फक्त सकाळ."

धानाच्या रोवणीत एखादी बाई लेकराला पाजायला बांधावर गेली, की शेजारणी न बोलता तिची पात धरतात. सुलोचनाबाईंनी हे जन्मभर पाहिलं होतं. पण त्या शेजारणी ओळखीच्या. इथे बांधच दिसत नव्हता. कधी न पाहिलेल्या गावातल्या कुठल्याशा खोलीत एक यंत्र त्यांच्या धानावर वाकलं होतं. 

"त्यायची मशीन बंद पडली तं?"

"तिचं काम आपल्याकडे येतं."

सुट्टी दिवस मावळेपर्यंत द्यायची, ही रीत. ऊन अजून डोक्यावर होतं. सुलोचनाबाई उठल्या. पहिल्या मशीनवरचं फूल त्यांनी बाजूला ठेवलं आणि बटण दाबलं.

"का हो मावशी, नवमी संपली?" मॅडम हसल्या.

"तिकडं एखादी बांधावर गेली असन, मॅडम," म्हणत त्या दुसऱ्या मशीनकडे वळल्या.