स्पंजचं औषध आणि दाराबाहेरची आई

"ल्युकेमिया," नागपूरचे डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्ताचा कॅन्सर. हिरड्यांतून रक्त येतं आणि जिना चढवत नाही, एवढीच तक्रार घेऊन मी बालाघाटहून आले होते. भरवेलीच्या खाणकामगारांच्या मुलांना शिकवणारी मास्तरीण मी. वाटलं होतं, टॉनिक देतील. मुक्काम तिथंच पडला.

डॉक्टरांनी औषधाचं नाव सांगितलं, सायटाराबिन. समुद्राच्या तळाशी स्पंज नावाचा जीव असतो, त्याच्यात सापडलेल्या द्रव्यांवरून हे औषध प्रयोगशाळेत घडवलं, म्हणाले. "स्पंज जागचा हलत नाही. पळता येत नाही, म्हणून बरेच स्पंज अंगात विष बाळगतात." समुद्र मी पाहिलेला नव्हता. पाटी पुसायचा स्पंज तेवढा ओळखीचा. औषध चांगल्या पेशीही मारेल, हे ऐकून आमचे हे माझ्याकडे बघू लागले. मीच म्हटलं, "मेलेलं कोंबडं आगीले भीत नाही. द्या."

सुया सुरू झाल्या. पांढऱ्या पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी रक्तातली फौज, पार घटल्या. मला एकटीला खोलीत ठेवलं. खिडकी बंद, दार बंद, भेटायला कुणी नको. तोंड आलेलं, केस उशीवर. जागचं हलता येत नव्हतं, मीही स्पंजच; विष तेवढं बाहेरून घ्यावं लागत होतं. त्या चार भिंतींचा मला अतोनात राग यायचा.

आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला न जाणं म्हणजे वैर. माणसं येतच राहिली आणि हे त्यांना दारातून परतवत राहिले. यांचे सख्खे काका चिडले. "काहून, आमचा इटाळ होते का तुमाले?" पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या दाराबाहेर उभी राहिलेली आमची माणसं. बौद्ध झालो तेव्हा ते संपलं असं धरून चाललो होतो. मला आतून सगळं ऐकू येत होतं.

मग कटंगीहून आई आली, तुमसरच्या बसने, खोकत.

"आई, अंदर नोका जाऊ," हे म्हणाले.

"मी काय पाहुणी हाओ?" म्हणत ती सरळ आत आली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून बसली. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. सेप्सिस, म्हणजे रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग. मी वाचेन असं कुणी छातीठोक सांगेना. "जंतू बाहेरूनच आले असं नाही, तिच्या शरीरातलेही असतील," असं डॉक्टर म्हणाले होते. आईने त्यातलं 'बाहेरून' तेवढंच धरलं. ती व्हरांड्यात भिंतीशी बसली, ती पुन्हा दाराशी आली नाही.

ताप उतरला. पुढे रिमिशन आलं; म्हणजे आजार दबला, गेला असं नाही. पुढचं मला माहीत नाही आणि आता मी रोज विचारतही नाही. तुमच्या घरी हे दुखणं आलं, तर भेटायची मनाई डॉक्टरांच्या तोंडूनच सगळ्यांना ऐकवा. नाही म्हणायला घरच्या माणसाला दारात उभं करू नका.

मी बालाघाटच्या घरी आल्यावर आई आली आणि उंबऱ्याबाहेरच टेकली.

"माय, अंदर ये ना."

"डाक्टरले इचारलं का?"

"हौ. चालते म्हणले."

"राहू दे. अथून दिसून राह्यली तू मले."

मी भिंत धरत उठले आणि बाहेर तिच्याजवळ जाऊन बसले. ती जरा पलीकडे सरकली. मीही सरकले.