सिलिंडरची पूजा अन् माझी मुकादमकी

आता हसायचं तर हसून घ्या, पण चहा सांडू नका. माझी फजिती मीच सांगून राह्यले, कारण वडीगोद्रीच्या बाया ती मीठ-मिरची लावून सांगतेत, अन् वरून शेवंता रडली म्हणतेत. मी बिलकुल रडले न्हाई!

त्या वक्ताला मी रोडवरच्या जिनिंगमधी होते. कापसातून सरकी काढायचं काम. हाताखाली वीस बाया, मी मुकादम. पण कच्ची. मालक म्हणले, “शेवंताबाई, सेफ्टीच्या ट्रेनिंगात पास झालात तर पक्क्या. न्हाई तर परत मशिनीत कापूस लोटायचा.”

सहा वर्षं लोटला होता मी कापूस. शिंकले तरी रुई निघायची! परत तिथं? मेले तरी न्हाई.

औरंगाबादहून साहेब आले. बुटाला असं पॉलिश की त्यात भांग पाडावा. तीन दिवस आम्हा मुकादमांना आग, धूर, अपघात सगळं शिकवलं. बाया तोंडाला पदर बांधून रुई गिळतेत, त्याच्यावर शब्द न्हाई. मी मास्क मागितला तर म्हणले, “ते पुढच्या ट्रेनिंगमध्ये आहे.”

जाताना मला लांबलचक नाड्यांचे जाड काळे बूट दिले. अन् दारापाशी टांगलेलं आग विझवायचं लाल सिलिंडर दाखवून म्हणले, “हे तुमच्या ताब्यात. जिवापाड जपा.”

जपा म्हणले ना? मंग जपलं! दसऱ्याला मशिनींची पूजा झाली, तशी त्याची पण केली. घासून-पुसून हळद-कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. बायांना दम भरला, “पायात चपला घालून कुणी याला शिवलं तर तंगडं मोडीन!”

कौसा म्हणून एक होती माझ्या हाताखाली. कमी बोलायची, पायात कधी काही न्हाई. ती हळूच म्हणली, “आक्का, अन् आग लागल्यावर?”

“आग लागली म्हणून देवाला चपलीनं शिवतेस का?” केली तिला गप.

चार दिवसांनी साहेब परीक्षेला हजर. मालक खुर्ची टाकून बसले. अंगणात कापसाच्या कचऱ्याचा ढीग केला, काडी लावली. “शेवंताबाई, आग! सिलिंडर आणा!”

पळाले. काय पळाले म्हणता! बूट धाडधाड वाजवत दारापर्यंत गेले, हात घालणार, अन् थबकले. पुढं हळद-कुंकू, माझ्या पायात बूट, अन् वीस बाया टक लावून बघून राह्यल्या!

बसले खाली. लागले नाड्या सोडायला.

“अहो बाई, काय करताय?” साहेब किंचाळले.

“आलेच साहेब! बूट काढून राह्यले!”

“बूट कशाला? आग बघा, आग!”

“पूजा झालीय त्याची! बूट घालून कसा हात लावू?”

बूट निघू नयेत म्हणून सकाळी मीच तीन-तीन गाठी मारल्या होत्या. एक सुटंल तर शपथ! धूर गेला मालकाच्या खुर्चीकडं. मालक खोकून राह्यले, मी दातानं नाडी ओढून राह्यले.

तेवढ्यात कौसा सुसाट आली. हारासकट सिलिंडर उचललं, पिन ओढली अन् फस्स! आग गार. मालक पिठाच्या गिरणीतून आल्यावानी पांढरे. साहेबाच्या पॉलिशचा तर पत्ताच न्हाई!

साहेब म्हणले, “तुम्ही ट्रेनिंगला दिसला नाहीत?”

“खिडकीतून बघितलं जी. आक्का म्हणल्या, हे अडाण्याचं काम न्हाई.”

“मग इतक्या पटकन कसं जमलं?”

कौसानं खाली बघितलं. “माझ्याकडं बूट कुठंत, साहेब?”

मालकानं तिथंच कौसाला पक्की मुकादम केलं. अन् तिचा पहिला हुकूम कुणाला? मलाच!

“आक्का, उद्यापास्नं कापूस लोटायला या. अन् आग लागली तर काही करू नका. फकत खाली बसा.”

खोटं कशाला बोलू? अख्ख्या परीक्षेत तेवढंच मला बराबर जमलं होतं.