एका डब्याला चारच शेजारी

भरवसा कुणावर ठेवावा, सांगा बरं? मी म्हणतो, कुणा एकावर नको. मी दहावी नापास. हे शहाणपण मला छपरावरच्या डब्याने शिकवलं. त्याचे किस्से एवढे साठलेत, की गिऱ्हाईक खिळे घ्यायला येतं आणि चहा पिऊन तसंच जातं.

घाटात मोबाइलच्या रेंजचा नेम नाही. म्हणून धडगावपासून ब्राह्मणपुरीपर्यंत आम्ही अकरा दुकानदारांनी छपरांवर रेडिओचे डबे बसवले. एका डब्याने निरोप घ्यायचा, पुढच्याला द्यायचा. खरी नड किराणावाल्या काशिनाथभाऊंची. त्यांची लेक वैशाली ब्राह्मणपुरीच्या दुकानदाराघरी दिलेली, दिवस भरत आलेले.

*

सुरुवातीला बाकीचे दहाही जण माझ्याच डब्याला जोडले गेले. "शेठ, तुमचा भरवशाचा." मी फुशारलो. डबा मात्र गुदमरला. मिरचीवाल्या मगनभाईंना 'पाऊस येतोय' हा निरोप मिळाला, तेव्हा त्यांची वाळत घातलेली मिरची भिजून झाली होती.

"शेठ, तुन्हा डबा पाऊसना मांगे चालस," ते म्हणाले.

*

मग नियम केला: एका डब्याला चारच शेजारी. पाचवा आला तर त्याला दुसऱ्याचं दार दाखवायचं. पाचवे निघाले काशिनाथभाऊ. लग्नाची पत्रिका न मिळाल्यासारखं तोंड करून आले.

"चौघांत मी नाही का?"

"भाऊ, चौघांपैकी एकाच्या मागे तुम्हीच आहात. निरोप त्याच्या हातून येईल."

दोन दिवस त्यांनी चहा स्वतःच्याच दुकानात घेतला.

*

तेवढ्यात वैशालीकडचे निरोप बंद झाले. भाऊंना जेवण गोड लागेना. पाहिलं तर तिच्या सासऱ्यांच्या डब्याची बॅटरी उतरलेली, आणि त्यांच्या शेजारचा दुकानदार सगळे निरोप त्याच मुक्या डब्याकडे ढकलत होता.

"शेजाऱ्यांच्या यादीतून काढत का नाही?" मी त्याला विचारलं.

"भाऊंचे व्याही शेतस. त्यांना कसं काढू?"

तेव्हापासून तीन हाकांना ओ आली नाही, की डबाच नाव काढतो. वाईटपणा कुणाकडे नाही. बॅटरी बदलली, की परत आत.

*

आणि ऐन वेळी घाटात दरड कोसळली. मोबाइल बंद. अकराही दुकानांतून एकच प्रश्न: रस्ता सुरू का? पण आता प्रत्येक डबा झेपेल तेवढंच घेई, बाकीच्यांना 'थांब' म्हणे.

भाऊ आणि वहिनी माझ्या ओट्यावर बसून होते. दुपारी निरोप आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप. भाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. माझाही जीव भांड्यात पडला.

तिकडे व्याह्यांना मात्र धीर नव्हता. पोहोचला नसेल म्हणून त्यांनी तोच निरोप पुन्हा पाठवला. मग आणखी एकदा. मी तिन्ही वेळा वाचून दाखवला. वहिनींनी बोटांवर एक, दोन, तीन मोजलं आणि भाऊंचा हात घट्ट धरला.

आलेला निरोप वहीत टिपायची माझी सवय. मी पेन उघडलं, तसे भाऊ डोळे पुसत म्हणाले, "शेठ, वहीमा खरं लिखज्यात. नात एकच शे."