तिसरीच्या वर्गातलं हसू

मी मूळची डोंबिवलीची. ठाण्यातल्या एका मराठी शाळेत गेली वीस-बावीस वर्षं प्राथमिकच्या मुलांना शिकवते. माझे उच्चार स्वच्छ आहेत असं लहानपणापासून सगळे म्हणत आले, आणि मलाही त्याचं कौतुक होतं. वक्तृत्व स्पर्धेला कुठली मुलं पाठवायची, त्यांची तयारी कोणी करून घ्यायची, हे शाळेत मलाच विचारलं जायचं. त्या वर्षी माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता.

जूनमध्ये वर्गात एक नवीन मुलगी आली. राहायला कोलशेत गावात. वडील खाडीत मासे धरायचे, आई सकाळी बाजारात विकायला बसायची. पहिल्याच आठवड्यात तिने हात वर केला आणि विचारलं, "बाई, पानी प्याला जाऊ?"

मी म्हटलं, "पानी नाही बाळा, पाणी. म्हण बघू."

ती पुन्हा 'पानी' म्हणाली. मी तिला चार-पाच वेळा म्हणायला लावलं, मग 'शाळा', मग 'काळा कावळा'. वर्ग खो खो हसला. मीही हसले. माझ्या मनात तिला कमी लेखावं असं काही नव्हतं. शिकवतेय असंच वाटत होतं. तहानलेल्या मुलीला मी तेवढा वेळ तसंच उभं ठेवलं होतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर लक्षात आलं की ती बोलतच नाही. हजेरीला 'हजर' म्हणायच्या ऐवजी नुसता हात वर करायची. वहीत मात्र सगळं नीटनेटकं आणि बरोबर. मी तिच्या प्रगतिपुस्तकात 'लाजाळू आहे' असं लिहिलं आणि पुढच्या मुलाचं उघडलं.

जानेवारीत आम्हाला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला कल्याणला पाठवलं. मुलं एकमेकांना त्रास देतात तो ओळखायचा कसा आणि थांबवायचा कसा, असा विषय होता. परत आल्यावर मुख्याध्यापिकांनी आठवड्यातून एक तास त्यासाठी ठेवायला सांगितलं. मी पहिला तास उत्साहाने घेतला. फळ्यावर एका बाजूला 'चेष्टा' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'छळ', आणि दोन्हींत फरक काय ते मुलांना विचारलं. बराच गोंधळ झाला. कोणी म्हणालं मारलं की छळ, कोणी म्हणालं रक्त आलं की छळ. शेवटी मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "ज्याची करतात त्याला पण हसायला आलं पाहिजे, नाहीतर ती चेष्टा नाही." मी खूश झाले. प्रशिक्षणात दिवसभर जे ऐकलं होतं, ते त्याने एका वाक्यात सांगितलं होतं.

मग मी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या. आपल्या वर्गात असं काही होतं का, नाव न घालता लिहा म्हटलं. मधल्या सुट्टीत एकटीने बसून त्या उघडल्या. पाच-सहा चिठ्ठ्यांत एकच गोष्ट होती. कोलशेतच्या मुलीला सगळे 'पानी' म्हणतात, नळावर गेली की घेरून म्हणायला लावतात, ती डबासुद्धा जिन्यात जाऊन खाते. एका चिठ्ठीत शेवटी लिहिलं होतं, 'बाई पण हसल्या होत्या.'

ते वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. पुढच्या तासाला मी मुलांना चित्रं काढायला दिली.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, मुलं विसरतील, तू उगाच मोठं करू नकोस. पण मुलं विसरली नव्हती, हे त्या चिठ्ठीतच लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाल्यावर मी वर्गासमोर उभी राहिले. म्हटलं, "जूनमध्ये मी एका मुलीला सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा बोलायला लावलं आणि हसले. ते चुकलं माझं. तिच्या घरी जसं बोलतात तशी ती बोलत होती. मी तिची माफी मागते." ती मान खाली घालून बाकावर नख ओढत राहिली. तिने वर पाहिलं नाही, आणि मी तिला वर पाहायला सांगितलं नाही.

त्यानंतर सगळं लगेच सुधारलं असं नाही. नळावरचा प्रकार थोडा कमी झाला, इतकंच. ते सुरू करणारी माझीच लाडकी विद्यार्थिनी होती, वक्तृत्वात दरवर्षी बक्षीस आणणारी. मी तिला बाजूला घेतलं, ओरडले नाही. ती रडायला लागली आणि म्हणाली, "मी तुमच्यासारखंच शिकवत होते बाई." मी एवढंच म्हटलं की मग आता आपण दोघींनी मिळून ते बंद करू.

पुढचे तास आम्ही नाटक करून पाहिलं. एकाने त्रास द्यायचा, एकाने सोसायचा आणि बाकीच्यांनी काय करायचं ते शोधायचं. मुलांना भांडण सोडवायला फार आवडायचं, पण सोसणाऱ्याच्या नुसतं जवळ जाऊन उभं राहायला लाज वाटायची. ते आम्ही पुन्हा पुन्हा केलं. मोठ्यांना सांगणं म्हणजे चुगली का, यावर पूर्ण दोन तास गेले. हळूहळू जिन्यातला डबा वर्गात आला. आधी एकीच्या शेजारी, मग चौघींच्या घोळक्यात.

फेब्रुवारीत मला ताप आला आणि मी तीन दिवस रजेवर होते. परत गेले तेव्हा दुसरीच्या वर्गशिक्षिका माझी वाटच बघत होत्या. माझ्या वर्गावर मराठीचा तास त्यांनी घेतला होता. त्यांनी कोलशेतच्या मुलीला धडा वाचायला उभं केलं, आणि ती खरंच वाचायला लागली. 'शाळा'च्या जागी 'शाला' आल्यावर त्यांनी तिला थांबवलं, सवयीने हसल्या आणि परत म्हणायला सांगितलं. वर्गात कोणीच हसलं नाही. माझी ती बक्षीसवाली उठून त्या मुलीच्या बाकापाशी जाऊन उभी राहिली. तिच्यामागून अजून तिघं गेले.

"मी विचारलं, काय झालं रे तुम्हाला," बाई सांगत होत्या, "तर म्हणाली, बाई, तिच्या घरी असंच बोलतात. तुम्ही नंतर एकटीला सांगा ना." त्या थोड्या दुखावल्या होत्या. मुलं उद्धट झालीत का, असं त्यांना वाटत होतं.

मी त्यांना चिठ्ठीचं सगळं सांगितलं. पण सांगताना माझा चेहरा इतका फुलला होता की त्याही हसायला लागल्या. माझ्या हाताखालच्या मुलांनी आजवर ढाली आणल्या, शिष्यवृत्त्या आणल्या, पण इतका ऊर कधी भरून आला नव्हता. मी वर्गात नव्हते, कोणी सांगितलं नव्हतं, आणि समोर एक मोठी बाई होती. तरी आठ-नऊ वर्षांची चार मुलं जागेवरून उठली होती.

पुढच्या आठवड्यात त्या बाईंनीच विचारलं, हे आमच्या दुसरीला पण शिकवाल का. मी माझ्या वर्गातून सहाजण निवडले. त्यात कोलशेतची मुलगीही होती, स्वतःहून हात वर करून आलेली. दुसरीसमोर मी सुरुवातीला माझी चूक सांगितली आणि बाजूला झाले. बाकीचं मुलांनीच केलं. नळावरचं नाटक, घोळका, जवळ जाऊन उभं राहणं. दुसरीतल्या एका छोट्याने विचारलं, पण बाजूला जाऊन उभं राहिल्यावर बोलायचं काय? आमच्या वक्तृत्ववालीला पटकन उत्तर सुचेना. कोलशेतची मुलगी म्हणाली, "कायपन नाय बोललं तरी चालतं. नुसतं उभं राव्हायचं."

तास संपल्यावर ते सहाजण व्हरांड्यातून परत निघाले, कोण जास्त बोललं यावरून वाद घालत. एरवी व्हरांड्यात आवाज केला की मी रागावते. त्या दिवशी मी त्यांच्या मागून सावकाश चालत राहिले आणि त्यांना बोलू दिलं.